गॅरेजमधला रवा

सोहनीकाकांच्या घरी रव्याचे दोन डबे होते. एक किचनमध्ये, काकूंचा. दुसरा गॅरेजमध्ये, बंदुकांच्या लोखंडी कपाटाशेजारी, आणि त्यावर काकूंनी लाल मार्करने लिहून ठेवलेलं, "खाण्याचा नाही." कारण एकदा घरात पाहुणे असताना किचनमधला रवा संपला, कोणीतरी गॅरेजमधला आणून उपमा केला, आणि काका टेबलाशी बसून दोन घास खाऊन शांतपणे म्हणाले, "यात शिशाचा भुगा असू शकतो. पण थोडाच." सगळ्यांनी प्लेट्स खाली ठेवल्या. काकांनी आपली संपवली.

तर रवा बंदुकीत घालतात. मलाही माहीत नव्हतं.

थांबा, नीट सांगते. विनायक सोहनी, वय सदुसष्ट, राहणार शुगर लँड, टेक्सस, आमच्या लॅबमधले सगळ्यात सिनियर मेटॅलर्जिस्ट. आमच्या लॅबचं काम असं, की तेलाच्या विहिरीवर एखादा पाइप किंवा व्हॉल्व्ह फुटला की त्याचे तुकडे आमच्याकडे येतात आणि तो का फुटला ते आम्ही सांगतो. मी नागपूरहून इथे एमएस करायला आले, संपवलं, आणि पहिलीच नोकरी इथे लागली. काका माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये. आठवडाभर हा माणूस फुटलेल्या वस्तू बघायचा आणि शनिवारी दीडशे वर्षं जुन्या बंदुका खांद्याला लावायचा. ब्रिटिशांच्या, त्या काळच्या. एका वेळी एक काडतूस, खालचा लिव्हर ओढला की रिकामी पुंगळी मागून उडते, परत एक घाला. नेपाळमधल्या कुठल्याशा गोदामात ढीगभर पडून होत्या, त्यातल्या दोन ग्रीसने माखलेल्या इथे टेक्ससमध्ये विकायला आल्या. एक काकांनी घेतली, एक डेलने.

डेल म्हणजे काकांचा दोस्त. आमच्याच कंपनीच्या मशीन शॉपमधून रिटायर झालेला, सहा फूट दोन इंच, लेथवरचा जादूगार. तो काकांना व्हिन म्हणायचा.

त्या बंदुकांची काडतुसं कोणी बनवतच नाही. म्हणजे मिळत नाहीत, विषय संपला. मग काका ती घरी बनवायचे. शॉटगनची लांब पितळी पुंगळी घ्यायची, ज्योतीवर धरून मऊ करायची, डेलने लेथवर बनवलेल्या साच्यात दाबून तिची मान बारीक करायची. बुडाला ठिणगी पाडणारी छोटी टोपी. आत ब्लॅक पावडर, म्हणजे बंदुकीची काळी दारू. वर रवा. त्यावर अंगठ्याएवढी शिशाची गोळी. रवा कशाला, तर पावडर आणि गोळी यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली की नळीची वाट लागते. इकडचे लोक मक्याचं पीठ घालतात. काका इंडियन स्टोअरमधला बारीक रवा. "जाडा नको गं," मला म्हणाले, "जाडा शिऱ्याला."

मला हे सगळं इतकं भारी वाटलं होतं ना, की मी पहिल्याच आठवड्यात आईला फोनवर तासभर हेच सांगितलं. आई म्हणाली, त्या माणसापासून लांब राहा.

दिसायला काका काहीच नव्हते. बुटके, हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक डाग. पण राग! नवीन पोरं त्यांना टरकायची. माझा पहिला रिपोर्ट मी लिहिला, एका व्हॉल्व्हचा, आणि शेवटी कारण म्हणून टाकलं, "ह्यूमन एरर". काकांनी तो वाचला, उभे राहिले आणि तो अख्खा फोल्डर भिंतीवर फेकला. क्लिप तुटली, कागद सगळीकडे.

"ह्यूमन कोण?"

मी म्हणाले, "म्हणजे काका, ऑपरेटर, साइटवरचा."

"नाव काय त्याचं? शिफ्ट कुठली? त्याने काय केलं, काय केलं नाही? व्हॉल्व्ह फुटून माणूस मेलाय आणि तू लिहितेस माणसाची चूक. पावसाची चूक असती तर पावसाचं नाव लिहिलं असतंस ना?"

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. परत आले तर कागद उचलून, नंबरप्रमाणे लावून माझ्या डेस्कवर ठेवलेले, आणि शेजारी डब्यात काकूंची शंकरपाळी. सॉरीबिरी काही नाही. पुढे बघितलं तर ते सगळ्यांशी असंच करायचे, फेकायचे आणि मग स्वतः गोळा करायचे. एकदा एका मॅनेजरच्या अंगावर तुटलेला बोल्ट फेकला होता, तोही स्वतःच शोधून पिशवीत घालून लेबल लावला, कारण तो पुरावा होता.

शनिवारी मीही त्यांच्याबरोबर शूटिंग रेंजवर जायला लागले. रिचमंडच्या पुढे, शेतांच्या मधोमध, पत्र्याचं छप्पर आणि दहा टेबलं. पहिल्यांदा काकांनी मला ती बंदूक झाडायला दिली तेव्हा मी मागच्या खुर्चीवर जाऊन पडले. लिटरली. खांदा आठ दिवस जांभळा, मग हिरवा. पांढऱ्या धुरात काही दिसत नव्हतं आणि सडक्या अंड्याचा वास. डेल पोट धरून हसत होता. काका हसले नाहीत. त्यांनी शर्टाचं बटण काढून स्वतःचा खांदा दाखवला. तिथली कातडी कायमची काळी पडलेली, बैलाच्या मानेवर असते तशी.

एका पार्टीत कोणीतरी त्यांना टोमणा मारला होता, "काका, ज्या बंदुकांनी आपल्याच लोकांना मारलं त्या तुम्ही तेल लावून पुसता." प्लेनोहून आलेला पाहुणा होता, हातात वाइन. मला वाटलं, आता ग्लास फुटणार. पण काका म्हणाले, "पुसतो तर. हिने समोरच्याला मारलं तेव्हा मागच्यालाही लाथ घातली. वीस वेळा झाडली की शिपायाच्या नाकातून रक्त यायचं. दुसऱ्याला मारायचं तर आपलाही खांदा फुटला पाहिजे. तुझ्या फोनवरच्या गेममध्ये फुटतो का?"

मग डुकरांची गोष्ट. डेलच्या भावाची शेती होती, तिथे रानडुकरं रात्रीतून अख्खं शेत नांगरून टाकायची, म्हणून त्यांना मारायला हे दोघं सकाळी जायचे. काका स्वतः अंड्यापलीकडे काही खात नव्हते. एकदा मी गाडीत बसून बघत होते. काकांनी बार टाकला आणि गोळी मागे लागली, पोटात. ते जनावर असं किंचाळलं ना, की मी कान दाबले तरी ऐकू येत होतं, आणि आतडी ओढत ते झुडपात घुसलं. डेल म्हणाला, "सोड व्हिन, मरेल ते. आत गेलास तर तुला फाडेल." छत्तीस-सदतीस डिग्री, हवा ओल्या फडक्यासारखी, झुडपात साप. काका गेले. पाऊण तास आत. शेवटी एकदम झटापट ऐकू आली, फांद्या मोडल्याचा आवाज, काका मराठीत शिव्या देतायत, आणि मग शांत. बाहेर आले तेव्हा पँट मांडीपासून घोट्यापर्यंत फाटलेली, पोटरीत सुळ्याचा खड्डा, कोपरापर्यंत रक्त, त्यातलं किती कोणाचं कळत नव्हतं. गोळी घालायला जागाच नव्हती, सुरीने संपवलं होतं.

डेलने त्यांना ट्रकच्या मागे बसवून जखमेवर व्हिस्की ओतली. काका ओरडले. डेल म्हणाला, "मूर्ख आहेस तू."

"माझी गोळी होती," काका म्हणाले. "चुकलेली माझी होती."

असा माणूस. म्हणून पुढचं सांगायचंय.

जूनमधला शनिवार. आदल्या संध्याकाळी काका गॅरेजमध्ये काडतुसं भरत होते, एका लाकडी ठोकळ्यात वीस पुंगळ्या उभ्या. त्याच वेळी फ्रीमाँटहून त्यांच्या मुलाचा, रोहनचा फोन आला. तो नातवाला घेऊन येणार होता आणि त्याचं म्हणणं, बंदुका विकून टाका, नाहीतर आम्ही हॉटेलमध्ये राहतो. दोघं वीस मिनिटं भांडले. काका मराठीत, रोहन इंग्लिशमध्ये. काकू मला नंतर म्हणाल्या, फोन ठेवून काका गॅरेजमध्ये परत गेले तेव्हा त्यांचे कान लाल होते.

दुसऱ्या दिवशी रेंजवर आम्ही तिघं. डेलच्या उजव्या बाजूच्या टेबलावर एक पोरगेला माणूस आधुनिक रायफलने धडाधड फैरी झाडत होता, आणि त्याच्या गरम रिकाम्या पुंगळ्या उडून डेलच्या अंगावर पडत होत्या. डेलने आपल्या बंदुकीचा घोडा ओढला. काय आवाज आला ते कोणालाच कळलं नाही, शेजारचा इतका वाजत होता. धूर नाही, धक्का नाही. डेलला वाटलं, काडतूस पेटलंच नाही. अशा वेळी नियम आहे, बंदूक टार्गेटकडे धरून अर्धा मिनिट थांबायचं, कारण ते उशिरा पेटू शकतं. तो थांबला. आणि नेमकी तेव्हा एक गरम पुंगळी त्याच्या कॉलरमध्ये पडली. तो वळून त्या पोरावर खेकसला, तसंच खेकसताना हाताने लिव्हर ओढला, काडतूस मागे पडलं, त्याच्याकडे न बघता दुसरं घातलं, आणि झाडलं.

मला आवाज आठवत नाही. छातीवर कोणीतरी दार आपटल्यासारखं वाटलं एवढंच. धूर, आणि पत्र्याच्या छपराला वर एक भोक, त्यातून ऊन येत होतं. बंदुकीची नळी मधोमध केळीच्या सालीसारखी सोललेली. डेल उभाच होता. त्याने डावा हात डोळ्यांसमोर धरला आणि तो त्याच्याकडे बघत राहिला, कारण तळव्याच्या अर्ध्याच्या पुढे तिथे काही नव्हतं, म्हणजे अंगठा आणि तर्जनी होती, बाकी लोंबतं मांस आणि पांढरं हाड, आणि रक्त एखाद्या नळाला अंगठा लावल्यासारखं उडत होतं. टेबलावर, माझ्या चष्म्यावर, सगळीकडे. शेजारचा पोरगा वाकून ओकत होता.

काकांनी पट्टा काढून डेलच्या दंडाला आवळला, गुडघा लावून, त्याचं हाड मोडेल इतका. डेल त्यांना लाथा घालत होता. मी अँब्युलन्ससाठी नाइन वन वन लावला आणि पत्ता सांगताना रेंजचं नावच आठवेना. काका ओरडले, "रस्त्याचा नंबर सांग, पोरी, रस्त्याचा नंबर."

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी डेल शुद्धीवर नीट आला. तीन बोटं गेली, अर्धा तळवा गेला. लेथवर केसाएवढा फरक हाताने ओळखणारा माणूस. आणि तोच काकांना समजावत होता.

"जुनं लोखंड होतं व्हिन. दीडशे वर्षं. कधीतरी जाणारच होतं. माझ्या हातात गेलं, इतकंच."

सगळ्यांनी तेच धरलं, डॉक्टरांनी, रेंजवाल्यांनी, डेलच्या बायकोने. जुनं लोखंड. कोणी काही विचारलंच नाही. काका नुसते गप्प बसले असते तरी चाललं असतं.

त्यांनी बॉसची परवानगी काढली आणि रविवारी लॅबमध्ये ती नळी आणली. मी होते, कारण आमच्याकडे प्रत्येक रिपोर्टवर दुसऱ्याची सही लागते. नळीचा एक तुकडा घासून मायक्रोस्कोपखाली घातला. लोखंड उत्तम होतं. स्वच्छ, कुठे जुनी चीर नाही, गंज आत गेलेला नाही. मग काकांनी नळी उभी चिरली. फुटलेल्या जागेच्या थोडं पुढे शिशाच्या दोन गोळ्या अडकलेल्या, एकीच्या बुडात दुसरी घुसून चपटी झालेली. आणि दोघींच्या मध्ये एक तपकिरी चकती. काकांनी ती चिमट्याने मोडली. भाजलेल्या रव्याचा वास आला. खरंच, शिरा करताना येतो तोच, स्वच्छ.

न समजायला काय होतं त्यात. त्या एका काडतुसात पावडर नव्हतीच. नुसता रवा. टोपीच्या ठिणगीने गोळी जेमतेम नळीत ढकलली आणि ती तिथे अडकून बसली. मागून दुसरी, भरलेली, येऊन तिच्यावर आदळली. नळी फुटणारच.

काका स्टुलावर बसले. म्हणाले, "फोन ठेवून आलो आणि रवा भरायला घेतला. पंधराव्या पुंगळीत रवा जास्त लागला. हाताला कळलं होतं. माझ्या हाताला कळलं होतं गं, की ही खोल आहे, थांबायला हवं. पण डोक्यात रोहनला उत्तर देत होतो. रागात दाबला अजून चमचाभर आणि गोळी बसवली."

मी म्हणाले, "काका, हे कुठे लिहिलंय? हे कोणालाच कळणार नाही."

"मी लिहिणार आहे. आत्ता."

आणि लिहिलं. दोन पानं. काडतूस कोणी भरलं, नाव. का चुकलं, राग. हाताला कळलेलं, तेही. आणि खाली एक वाक्य, की पहिलं काडतूस न पेटल्यावर झाडणाऱ्याने नळीतून आरपार बघितलं नाही. बघितलं असतं तर अपघात टळला असता. डेलचं पूर्ण नाव.

मी सही करेना. म्हणाले, "हे शेवटचं काढा ना काका. त्याचा हात गेलाय. तुमचं तुम्ही कबूल केलंत, बास झालं ना यार." यार निघून गेलं तोंडातून. काकांनी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की चिमटा उडाला.

"माझं लिहायचं आणि त्याचं झाकायचं? मग तो रिपोर्ट नाही, माफीचं पत्र झालं. त्याला काय लहान मूल समजू? वीस वर्षं मशीन चालवलीत त्याने."

घरी काकूंनीही रडून सांगितलं. "अहो, त्याचा हात परत येणार आहे का हे वाचून? आहे तो एक मित्र आहे तुम्हाला. नका घालवू. कागद जाळून टाका, मी देवासमोर सांगते, पाप माझ्या माथी."

काका म्हणाले, "तो मला विचारतोय, व्हिन, माझी बोटं का गेली. रोज विचारतोय. लोखंड, लोखंड म्हणतो ना, तो विचारतोच आहे. आणि मी सोडून कोणाला उत्तर माहीत नाही."

पुढच्या शनिवारी ते डेलच्या घरी गेले. गाडी मी चालवत होते, म्हणून बघितलं. डेल पोर्चवर, हाताला मोठं बँडेज. काका बसले नाहीत. उभं राहून पूर्ण रिपोर्ट वाचला, पहिल्या ओळीपासून. डेल ऐकत होता. पावडर नव्हती, हे ऐकलं. हाताला कळलं होतं, हे ऐकलं, डोळे मिटले. मग ते शेवटचं वाक्य आलं.

डेल उठला आणि उजव्या हाताने काकांच्या तोंडावर ठोसा मारला. पूर्ण ताकदीने. काका पायरीवरून मागे पडले, डोकं ट्रकच्या बंपरवर आपटलं, ठण्ण. ओठ फाटला, खालचा एक दात गवतात. मी धावले तर काकांनी हाताने मला थांबवलं. उठले. चष्मा शोधला. परत पायरीशी जाऊन उभे राहिले. डेलने परत मारलं. या वेळी काका पडले नाहीत, नुसते वाकले.

डेलचा आवाज फुटत होता. "माझा बाप सांगायचा, दुसऱ्याने भरलेलं काडतूस कधी उडवायचं नाही. पहिला नियम. सगळ्यांना माहीत असतो. अकरा वर्षं मी तुझी काडतुसं गालाजवळ धरून उडवली. बापाचं नाही ऐकलं, तुझं ऐकलं. आणि तू मला सांगतोस मी नळी नाही बघितली?"

"नाही बघितलीस," काका म्हणाले. तोंडातून रक्त गळत होतं, शब्द नीट निघत नव्हते. पण म्हणाले.

"चालता हो."

काकांनी रिपोर्ट पायरीवर ठेवला, उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला, आणि गाडीत येऊन बसले. घरी येईपर्यंत रुमाल पूर्ण लाल.

मग सात महिने काहीच नाही. गॅरेजला कुलूप. आणि लॅबमध्ये, हे मला सगळ्यात भीतीदायक वाटलं, काका ओरडायचे बंद झाले. एका पोराने परत "ह्यूमन एरर" लिहिलं, काकांनी नुसती पेन्सिलने रेघ मारून परत दिलं. तो पोरगा मला येऊन विचारतो, "सर आजारी आहेत का?" रोहन नातवाला घेऊन आला, घरीच राहिला. काका त्याच्याशी बोलायच्या आधी खुर्चीत बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. काकू म्हणाल्या, असा नवरा मागितला होता मी चाळीस वर्षं, आता नको वाटतो.

मला प्लेनोमध्ये नोकरी लागली. ज्या शनिवारी निघायचं त्या सकाळी त्यांच्या घरी निरोप घ्यायला गेले तर काका गाडीत बंदूक ठेवत होते. डेलचा टेक्स्ट आला होता. एकच ओळ. बंदूक आण, काडतुसं आणू नकोस.

काकू गाडीच्या दाराशी उभ्या. "त्याने भरलीत का ती? अहो, त्याने मुद्दाम काही केलं असेल तर?"

काका म्हणाले, "तर केलं असेल."

मी माझी गाडी घेऊन मागोमाग गेले. राहवत नव्हतंच मला.

डेल शेवटच्या टेबलाशी होता. डाव्या हाताचा चिमटा झालेला, अंगठा आणि एक बोट. हाय-हॅलो काही नाही. त्याने खिशातून पाच काडतुसं काढून टेबलावर उभी केली. त्यातली दोन नीट उभी राहत नव्हती, मान तिरकी. दीड हाताने भरलेली, सरळ दिसत होतं. पहिलं त्याने बोटाने काकांकडे सरकवलं.

"मी भरलंय," म्हणाला. "उडव."

मी मराठीत म्हणाले, "काका, निदान वजन तरी करा. नाहीतर घोड्याला दोरी बांधून लांबून उडवा, लोक करतात तसं."

काका म्हणाले, "गप्प बैस."

ते काडतूस त्यांनी उचललं, हलवूनही बघितलं नाही. आत घातलं. लिव्हर लावला. गाल दस्त्यावर टेकवला, नेहमी टेकवायचे तसाच, आणि डावा हात नळीखाली, जिथे डेलचा होता, बरोबर तिथे. मी त्या हाताकडे बघत होते. पाच बोटं, भाजल्याचे डाग, नखाखाली शिसं. डेलही तिकडेच बघत होता. त्याचा जबडा हलत होता.

धडाम. काका अर्धं पाऊल मागे, धूर, वास. गोळी टार्गेटच्या बरीच अलीकडे मातीत. धुरातून काका दिसले, उभे. हात होता.

त्यांनी लिव्हर ओढला, पुंगळी झेलली, आत बघितलं. मी मनात म्हणत होते, चांगलं म्हणा, आज एकदा चांगलं म्हणा.

"रवा दाबला नाहीस," काका म्हणाले. "जागा राहिलीय."

डेल म्हणाला, "एका हाताने दाबून दाखव."

"टेबलाला व्हाइस लाव, त्यात पुंगळी पकड. मी आणतो."

"माझ्याकडे आहे व्हाइस."

"मग लावला का नाहीस?"

डेल त्यांच्याकडे बघत राहिला, मला वाटलं आता तिसरा ठोसा. काका दुसऱ्या काडतुसाला हात घालणार तेवढ्यात डेलने तो अर्धा हात बंदुकीवर ठेवला. बंदूक त्यांच्याकडून ओढून घेतली. लिव्हर उघडा ठेवून त्याने ती आकाशाकडे धरली आणि मागून एक डोळा लावून नळीतून आरपार बघितलं. खूप वेळ. इतका वेळ लागत नाही, एका नजरेत कळतं. मग खाली घेतली आणि काकांच्या हातात परत दिली.

"साफ आहे," म्हणाला.

काकांनी मान हलवली.

प्लेनोपर्यंत चार तासांहून जास्त ड्राइव्ह, मला निघायलाच हवं होतं. पार्किंगमध्ये गाडीत बसले, पण सुरू केली नाही. काचेतून तेवढंच दिसत होतं, पत्र्याखाली पांढरा धूर आणि त्याच्या वर, दर वेळी बार झाल्यावर, आकाशाकडे धरलेली ती नळी. पाचवा बार झाला. नळी वर आली, थांबली, खाली गेली. मग मी गाडी काढली.